विद्यावृत्तीचा अर्ज

कामगार संघटनेच्या माणसाने पीएच.डी.च्या विद्यावृत्तीवर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. माझी शाळा दहावीच्या अलीकडेच सुटली. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. पण मागण्यांचे अर्ज लिहिण्यात माझे आयुष्य गेले आहे, आणि हाही एक अर्जच आहे.

विद्यावृत्ती म्हणजे काय, ते आधी पाहू. विलायतेत जिला स्टुडंटशिप म्हणतात, ती नुसती फीमाफी नव्हे. तीत फी भरली जातेच, शिवाय तीनचार वर्षे निर्वाहवेतन मिळते. तेथील यूकेआरआय या सरकारी संशोधनसंस्थेने २०२५-२६ सालासाठी त्याचा किमान दर वर्षाला २०,७८० पौंड ठरवला. म्हणजे हे दान नव्हे. संशोधन हे काम आहे आणि हा त्याचा मोबदला.

आता ‘आंतरविद्याशाखीय’ हा जड शब्द. सूतगिरणीच्या कार्डिंग खात्यात माझ्याबरोबर एक गृहस्थ होते. रविवारची सुटी संपवून सोमवारी कामावर आले की त्यांची छाती आवळून येई. कापसाच्या धुळीने होणाऱ्या बिसिनोसिस या रोगाची हीच खूण. डॉक्टरांनी विडीला दोष दिला, वकिलांनी पुरावा मागितला, आणि गिरणीने धूळ कधी मोजलीच नव्हती. १९२३ च्या भरपाईच्या कायद्यात हा रोग धंद्यामुळे होणारा म्हणून नोंदलेला होता; तरी त्यांना एक पैसा मिळाला नाही. वैद्यक फुप्फुस पाहते, अभियांत्रिकी हवा पाहते, कायदा कागद पाहतो. माणूस मात्र एकच असतो. प्रश्न असा एका शास्त्राच्या हाती लागत नसेल, तेव्हाच दोन शास्त्रांची सांगड घालावी. नुसती दोन नावे शेजारी लिहून काही साधत नाही.

बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. त्यांचा मुख्य विषय अर्थशास्त्र. पण मे १९१६ मध्ये जातिसंस्थेवरील निबंध त्यांनी वाचला तो मानववंशशास्त्राच्या चर्चावर्गात. प्रश्नच त्यांना तेथे घेऊन गेला. पुढे १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचा अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावे लागले. अटी आधी वाचाव्यात, हेही त्यातून शिकण्यासारखे आहे.

अर्ज करताना प्रथम जाहिरात नीट वाचावी. काही ठिकाणी विषय प्राध्यापकांनी ठरवलेला असतो; तेथे आपण त्या कामास लायक का, ते सांगायचे. काही ठिकाणी विषय आपला असतो. तेथे आराखडा द्यावा लागतो. प्रश्न कोणता, आजवर काय कळले आहे, काय राहिले आहे, माहिती कोठून व कशी मिळवणार, आणि ठरल्या मुदतीत ते कसे उरकणार, एवढे त्यात यावे. जे आपल्याला येत नाही ते कोणाकडून शिकणार, हेही लिहावे. बहुधा दोन विभागांचे दोन मार्गदर्शक लागतात. त्यांना मुदतीच्या दोनतीन महिने आधी, आपला प्रश्न पाचसहा ओळींत मांडून पत्र घालावे. अर्ज वाचणारे निरनिराळ्या शास्त्रांचे असतात, म्हणून एकाची परिभाषा दुसऱ्याला अडू देऊ नये. शिफारसपत्र देणाऱ्या गुरुजनांना आराखड्याची प्रत वेळेवर द्यावी.

पैशाचा एक खुलासा लेखी मागावा. यूकेआरआयच्या विद्यावृत्त्या २०२१ पासून परदेशी विद्यार्थ्यांना खुल्या झाल्या, पण त्यांत फी मिळते ती तेथील विद्यार्थ्यांच्या दराने. परदेशी विद्यार्थ्याची फी पुष्कळ जास्त असते. मधला फरक विद्यापीठ सोसणार की आपण, हे जाण्याआधी कळले पाहिजे.

त्या गृहस्थांच्या मुलीने आपला अर्ज मला दाखवला. विषय कापसाच्या धुळीचाच होता. वडिलांचा त्यात उल्लेख नव्हता. मी विचारले, तर म्हणाली, “काका, ते घरचं आहे, तिथं शोभायचं नाही.” मी म्हटले, “दया मागू नकोस, पण हा प्रश्न तुला कुठं भेटला ते दोन ओळींत लिही.” तिने लिहिले. पहिल्या वर्षी अर्ज नामंजूर झाला. आमची मागणीपत्रेही किती वेळा परत आली आहेत! आम्ही त्यांतले कच्चे दुवे पक्के करून ती पुन्हा धाडली. तीही सध्या तेच करीत आहे.