के-३ व्हिसा: कायद्यात आहे, हातात क्वचितच येतो

आजचा प्रश्न लग्नानंतरचा. समजा, मुलगी नाशिकची, नवरा अमेरिकेचा नागरिक. लग्न इथे झालं, सुट्टी संपली, तो परत गेला. ती इथेच. आणि एजंट म्हणतोय, "के-३ काढू, पटकन जाल."

खरंच पटकन?

आधी हा व्हिसा आला कुठून, ते बघू. नागरिकाने जोडीदारासाठी आय-१३० अर्ज भरला की ग्रीन कार्डाच्या व्हिसापर्यंत बराच काळ जातो. तोवर नवरा-बायकोने दोन देशांत राहायचं का? म्हणून डिसेंबर २००० मध्ये 'लाइफ' कायदा झाला. त्यातून जोडीदारासाठी के-३ आणि तिच्या किंवा त्याच्या मुलांसाठी के-४ हे तात्पुरते व्हिसा आले. अमेरिकेत जा, एकत्र राहा, पुढची कागदपत्रं तिथे करा. कल्पना चांगलीच होती.

गोची इथे आहे. के-३ साठी आय-१३० भरावाच लागतो, आणि वर आय-१२९एफ हा दुसरा अर्ज. आता आय-१३० आधी किंवा दुसऱ्या अर्जासोबतच मंजूर होऊन नॅशनल व्हिसा सेंटरला पोचला, की के-३ ची फाइल बंद! बहुतेक वेळा हेच होतं. म्हणून आज के-३ फार क्वचित दिला जातो. 'फास्ट ट्रॅक' म्हणून कोणी त्याचे वेगळे पैसे मागत असेल तर सरळ विचारा, माझा आय-१३० भरलाय का, त्याची पावती दाखवा.

शिवाय के-३ वर गेलात तरी तिथे आय-४८५ भरायचा, नोकरीसाठी परवाना वेगळा काढायचा. ग्रीन कार्डाच्या व्हिसावर गेलात तर पहिल्या दिवसापासून काम करता येतं. मग घाई कशाला, असं माझं मत. आणि हो, नवऱ्याकडे फक्त ग्रीन कार्ड असेल, नागरिकत्व नसेल, तर के-३ चा विषयच नाही.

मुलांचं मात्र नीट ऐका, लोक फसतात ते इथेच. समजा, तिला पहिल्या लग्नाचा मुलगा आहे. के-४ मध्ये तो आईच्या अर्जावर जाऊ शकतो: वय २१ च्या आत, अविवाहित. पण ग्रीन कार्डाच्या मार्गात नागरिकाच्या बायकोच्या अर्जात मूल आपोआप येत नाही. त्याच्यासाठी वेगळा आय-१३०, वेगळी फी. आईचा व्हिसा आला आणि पोराचा अर्जच भरलेला नाही, असं व्हायला नको.

दुसरी गोष्ट, सावत्र वडिलांनी हा अर्ज भरायचा तर लग्न मुलाच्या १८ व्या वाढदिवसाआधी झालेलं हवं. मुलगा १९ चा असताना लग्न झालं, तर के-४ वर तो आत जाईल, पण सावत्र वडिलांच्या नात्यावर ग्रीन कार्ड मिळणार नाही. मग आईला ग्रीन कार्ड मिळायची वाट बघायची, तिने अर्ज भरायचा, आणि मुलाने रांगेत उभं राहायचं. मुलगा २१ पार झाला तर ती रांग कित्येक वर्षांची होते.

घरात कोणी साडेसतरा वर्षांचं असेल आणि लग्न ठरत असेल, तर मुहूर्त काढायच्या आधी त्याचा जन्मदाखला काढून बघा.