आजीच्या गाठोड्यातलं बाळासाठी काय घ्यायचं आणि कुठे थांबायचं?

घरात बाळ आलं की दोन पक्ष पडतात.

एक पक्ष आजीचा. तिच्याकडे एक गाठोडं असतं. त्यात जुन्या लुगड्याची दुपटी, हाताने शिवलेली झबली, टोपरी, कुंची, मोहरीची उशी, गुटीचा डबा, काजळाची डबी आणि नाचणीची पिशवी, असा सगळा ऐवज.

दुसरा पक्ष मोबाईलचा. तिथे रोज एक नवा व्हिडिओ येतो. एक म्हणतो, जुनं ते सोनं. दुसरा म्हणतो, हे सगळं बंद करा. आणि या दोघांच्या मधे रात्रभर जागलेली बाळाची आई.

आता गंमत अशी की दोन्ही पक्ष अर्धे बरोबर आहेत. गाठोड्यातल्या काही गोष्टी इतक्या चांगल्या आहेत की बाजारात त्यांना तोड नाही. काही मात्र खरोखर धोक्याच्या आहेत. मग निवड कशी करायची?

त्यासाठी एक सोपा प्रश्न पुरतो. ही वस्तू बाळाच्या गळ्याच्या खाली जाणार की वर? खाली, म्हणजे अंगावर किंवा हातात जाणार असेल, तर बहुतेक वेळा खुशाल घ्या. वर, म्हणजे तोंड, नाक, डोळे, कान यांच्यापाशी जाणार असेल, तर थांबा आणि विचारा.

दुपटं जुन्याच कापडाचं का?

पूर्वी बाळंतविडा विकत आणत नसत, तो घरीच शिवत. आजीचं नऊवारी लुगडं, आईची सुती साडी, आजोबांचं धोतर असं वापरून मऊ झालेलं कापड त्यासाठी जपून ठेवलेलं असायचं. दोन पदर एकावर एक ठेवून, कडेने धावदोरा घातला की दुपटं तयार. जास्त थर घातले की गोधडी. काही भागांत तिलाच वाकळ म्हणतात.

यात काटकसर होतीच, पण शहाणपणही होतं. नव्या कापडाला खळ असते, रंग आणि प्रक्रियेतली रसायनं असतात. शेकडो वेळा धुतलेल्या सुती कापडातून ती केव्हाच निघून गेलेली असतात. धागे मऊ पडलेले असतात. बाळाची त्वचा मोठ्यांपेक्षा पातळ असते, ती सहज कोरडी पडते, लाल होते. अशा त्वचेला जुनं सुती कापड मानवतं. शिवाय ते घाम टिपतं आणि लवकर वाळतं. दिवसातून दहा वेळा दुपटी बदलणाऱ्या घरात ही मोठीच सोय.

दुपटं शिवताना तीन गोष्टी पाहायच्या. सुई किंवा टाचणी आत राहिलेली नको. झबल्याच्या गळ्याशी लांब नाडी नको. आणि सुटणारं बटण किंवा टिकली नको, कारण बाळाच्या हाताला लागलेली वस्तू तोंडातच जाते.

बाळाला दुपट्यात गुंडाळताना हात-छाती गुंडाळली तरी चालते, पण पाय सरळ ओढून घट्ट बांधायचे नाहीत. बाळाचे पाय बेडकासारखे दुमडलेले असतात आणि ते तसेच हलते राहायला हवेत. सरळ करकचून बांधले तर खुब्याचा सांधा नीट बसत नाही. आणि बाळ कुशीवर वळण्याची धडपड करू लागलं की गुंडाळणं बंदच करायचं.

झोपताना मात्र नियम बदलतो

तीच मऊ गोधडी झोपलेल्या बाळाच्या तोंडावर आली तर? काही महिन्यांच्या बाळाला ती बाजूला सारता येत नाही. म्हणून जगभरचे बालरोगतज्ज्ञ एकच सांगतात. पहिलं वर्षभर बाळाला पाठीवर झोपवा, सपाट आणि घट्ट गादीवर झोपवा, आणि आजूबाजूला उशी, जाड पांघरूण, लोड, मऊ खेळणी काही ठेवू नका.

डोक्याला गोल आकार यावा म्हणून आपल्याकडे मोहरीची उशी देतात. पण या वयात उशीची गरजच नसते. डोकं एका बाजूने चपटं होऊ नये म्हणून जागेपणी बाळाला थोडा थोडा वेळ पोटावर ठेवायचं, समोर आपण बसायचं. मानही बळकट होते आणि डोक्यावरचा दाबही कमी होतो.

टोपरं आणि कुंची थंडीत बाहेर नेताना उत्तम. घरात झोपताना टोपरं काढून ठेवावं. बाळ जास्तीची उष्णता बरीचशी डोक्यावाटे बाहेर टाकतं. ते फार तापणंही झोपेत धोक्याचं असतं.

साडीच्या झोळीचंही तसंच. रडणारं बाळ झोळीत शांत होतं, हे कुणालाच नाकारता येणार नाही. पण झोळीत पाठ वाकते आणि हनुवटी छातीला टेकते. लहान बाळाची श्वासाची वाट त्याने अरुंद होऊ शकते. म्हणून बाळ डोळा लागला की सपाट जागी ठेवायचं.

गोधडी वाया जात नाही. दिवसा जमिनीवर अंथरली की बाळाच्या लोळण्यासाठी तिच्यासारखी जागा नाही.

मध, गुटी, काजळ: इथे ठाम थांबायचं

आता गाठोड्यातला अवघड भाग.

जन्मल्यावर बाळाला मध चाटवायची रीत अनेक घरांत आहे. मधात 'क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम' या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ते काही करू शकत नाहीत. बाळाच्या आतड्यात मात्र ते रुजतात आणि विष तयार करतात. त्याने बाळाला बद्धकोष्ठ होतो, रडणं क्षीण होतं, दूध ओढता येत नाही, अंग सैल पडतं आणि श्वासही थांबू शकतो. असं क्वचित होतं, पण झालं तर जिवावर बेततं. घरच्या उकळण्याने हे बीजाणू मरत नाहीत आणि मध रानातला अस्सल असला तरी फरक पडत नाही. म्हणून वर्ष पूर्ण होईपर्यंत मध नाही.

गुटीचं काय? वेखंड, जायफळ, मुरुडशेंग, बाळहिरडा, सुंठ, हळकुंड सहाणेवर ठरावीक वेढे उगाळायचे आणि बाळाला चाटवायचे. यात पहिली अडचण मापाची. एका हाताचा एक वेढा आणि दुसऱ्या हाताचा एक वेढा सारखा नसतो. जायफळ जास्त झालं की गुंगी येते. बाळ छान झोपलं असं घरच्यांना वाटतं, खरं तर ते गुंगलेलं असू शकतं. दुसरी अडचण स्वच्छतेची. सहाण, पाणी, बोट आणि डब्यात महिनोन्‌महिने राहिलेली मुळं यांतून जंतू थेट पोटात जातात.

जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस स्पष्ट आहे: पहिले सहा महिने फक्त आईचं दूध. गुटी नाही, मध नाही, वरचं पाणीही नाही. आईच्या दुधात पाणी भरपूर असतं, अगदी उन्हाळ्यातही पुरेल इतकं. डॉक्टरांनी दिलेलं औषध किंवा थेंब तेवढे अपवाद.

काजळाने डोळे मोठे होत नाहीत. बाजारातल्या काही काजळांत आणि सुरम्यांत शिसं सापडलेलं आहे, आणि शिसं वाढत्या मेंदूला घातक असतं. घरी धरलेल्या काजळात शिसं नसलं, तरी बोटाने डोळ्यात जंतू जातात. दृष्टीची काळजी वाटत असेल तर घरच्या काजळाची तीट तळपायाला लावा. आजीचंही समाधान आणि डोळेही सुरक्षित.

नाकात-कानात तेल सोडणं आणि बंद खोलीत शेगडीवर ओवा-धूप टाकून धुरी देणंही याच यादीत येतं. तेल श्वासावाटे फुप्फुसात जाऊ शकतं आणि धुराने बाळाची श्वासनलिका चुरचुरते. बंद खोलीतल्या पेटत्या कोळशाचा वायू तर बाळ-बाळंतीण दोघांनाही घातक.

गळ्याच्या खाली एकच अपवाद लक्षात ठेवायचा, तो म्हणजे बेंबी. नाळ गळून पडेपर्यंत तिला हळद, राख, तेल काही लावायचं नाही. स्वच्छ आणि कोरडी ठेवायची.

बाकी अंगाला खोबरेल तेलाने हलक्या हाताने मालीश करायला काहीच हरकत नाही. त्वचा मऊ राहते आणि बाळाला स्पर्श आवडतो.

सहा महिने झाले, आता नाचणी काढा

सहाव्या महिन्यानंतर आजीच्या गाठोड्याला पुन्हा भाव येतो. बाळाची भूक आता फक्त दुधाने भागत नाही. जन्मताना मिळालेला लोहाचा साठाही संपत आलेला असतो. दूध चालू ठेवून वरचं अन्न द्यायची हीच वेळ.

कोकणात, कोल्हापूर-साताऱ्याच्या डोंगराळ भागात, नाशिककडे नागली या नावाने, हे पीक पिढ्यान्‌पिढ्या घेतलं जातं. 100 ग्रॅम नाचणीत साधारण 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. तांदूळ आणि गहू त्याच्या आसपासही येत नाहीत.

आजी नाचणीला मोड आणते, त्याला कारण आहे. मोड येताना धान्यात एक विकर तयार होतं आणि ते पिठूळपणा मोडतं. त्यामुळे मोडाच्या पिठाची पेज कमी घट्ट होते. साध्या पिठाची पेज चमच्यातून हलेना म्हणून आपण पाणी वाढवतो, आणि बाळाचं छोटं पोट पाण्यानेच भरतं. मोडाच्या पिठाचं तसं नाही. तेवढ्याच वाटीत जास्त पीठ मावतं, म्हणजे जास्त ताकद मावते. शिवाय लोह अडवून ठेवणारे घटकही मोड आल्यावर कमी होतात.

कृती साधी आहे. नाचणी निवडून, धुऊन रात्रभर भिजत घाला. पाणी काढून ओल्या फडक्यात बांधा. एक-दोन दिवसांत बारीक मोड येतात. सावलीत पसरून कडकडीत वाळवा, मंद आचेवर थोडं परता, दळून आणा आणि हवाबंद डब्यात ठेवा. नीट वाळली नाही आणि कुबट वास आला, तर सरळ टाकून द्या.

काही घरांत भिजवलेली नाचणी वाटून, गाळून पांढरं सत्त्व काढतात. ते पचायला हलकं असतं, पण नाचणीचं बरंचसं कॅल्शियम टरफलात असतं आणि ते चोथ्याबरोबर जातं. म्हणून सुरुवात सत्त्वाने केली तरी पुढे पिठावर यावं.

पेज पाण्यात शिजवा. वर्षाच्या आत साखर, गूळ, मीठ घालू नका. साजूक तुपाचा थेंब चालेल. चमचा तिरका केल्यावर पेज ओघळून जाऊ नये इतकी दाट हवी. सहा ते आठ महिन्यांत दिवसातून दोन-तीन वेळा, नऊ महिन्यांनंतर तीन-चार वेळा. नवा पदार्थ एकेक करून, दोन-तीन दिवसांच्या अंतराने द्या.

पण नाचणी म्हणजे सगळं नव्हे. मऊ मूगडाळ-भात, लाल भोपळा, रताळं, केळं, शिजवलेली पालेभाजी, अंडं असं जे आपल्या गावात पिकतं आणि घरात शिजतं ते मऊ करून द्यायचं. लोहाचं औषध सहा महिन्यांपासून सरकारी योजनेतही मिळतं. आशाताईंना किंवा अंगणवाडीत विचारा.

चिमणाळं, पांगुळगाडा आणि बोरन्हाण

पाळण्यावर टांगलेलं कापडी चिमणाळं हे बाळाचं पहिलं खेळणं. नवजात बाळाला साधारण 20 ते 30 सेंटीमीटरवरचं बरं दिसतं आणि गडद-फिकट फरक आधी कळतो. काळ्या-पांढऱ्या, लाल चिंध्यांच्या चिमण्या म्हणूनच त्याला खिळवून ठेवतात. फक्त टांगण पक्कं हवं आणि दोरा बाळाच्या हाती यायला नको. बाळ उठून बसू लागलं की चिमणाळं काढून टाकायचं.

उभं राहणाऱ्या बाळासाठी लाकडी पांगुळगाडा. बाळ स्वतःच्या पायावर उभं राहून तो ढकलतं. आत बसवायचा प्लॅस्टिकचा वॉकर वेगळा. त्याने चालणं लवकर येत नाही, उलट वेगाने जाऊन जिन्यावरून पडण्याचे अपघात होतात. कॅनडाने 2004 मध्ये असे वॉकर विकायलाच बंदी घातली. इथे सुताराने केलेली जुनी गाडी नव्या वस्तूपेक्षा सरस ठरते. नजर मात्र तिच्यावरही हवी.

आणि संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतचं बोरन्हाण. काळं झबलं, हलव्याचे दागिने, डोक्यावरून बोरं, उसाचे करवे, चुरमुरे, हरभरे, भुईमुगाच्या शेंगा. शेतातला सगळा हंगाम बाळावर ओतायचा, इतकी देखणी रीत दुसरी नाही. पण बोर, हरभरा, शेंगदाणा, हलवा आणि आता त्यात आलेल्या गोळ्या लहानग्याच्या घशात अडकू शकतात. तेव्हा बाळाला मांडीवर घ्या, चुरमुरे जास्त आणि बोरं मोजकी ठेवा, फोटो झाले की दागिने उतरवा. वेचायचा मान मोठ्या मुलांचा. शेवटी जमीन झाडून घ्या, कारण रांगणाऱ्या बाळाला सोफ्याखालचा हरभरा सगळ्यांत आधी सापडतो.

भांडण कशाला?

'हे चालणार नाही' एवढंच आजीला सांगितलं तर तिला ते आपल्यालाच नाकारल्यासारखं वाटतं. त्याऐवजी तिच्या हातांना काम द्या. गुटीचा डबा बाजूला ठेवायचा तर त्याच दिवशी दुपटी शिवायला सांगा, सहा महिन्यांनी लागणारी नाचणी निवडायला द्या, चिमणाळं करून मागा. गाठोडं बंद करायचं नाही, फक्त त्यातलं काय, कधी आणि कुठे वापरायचं ते ठरवायचं. गळ्याच्या खाली हो, गळ्याच्या वर जरा थांबा.

आणि बाळ दूध ओढेनासं झालं, अंग सैल पडलं, श्वास जोरात चालू लागला किंवा तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला, तर गाठोडंही नको आणि मोबाईलही नको. थेट डॉक्टरांकडे जा.