इंजिन बंद, गिअरबॉक्सचं काय?

घाटातल्या उतारावर बाईक लावताना आपण काय करतो? इंजिन बंद करून पहिला गिअर टाकतो. शिडाच्या नौकेवरही अनेकदा असंच करावं लागतं!

गोव्यात बांधलेली नौदलाची ‘तारिणी’ २०१७-१८ मध्ये सहा महिला अधिकाऱ्यांसह शिडांवर जगप्रदक्षिणा करून आली. अशा लांबच्या सफरीत इंजिन बहुतेक वेळ बंद असतं. पण नौका धावते तसं पाणी खालचा पंखा फिरवतं, पंखा शाफ्टला आणि शाफ्ट गिअरबॉक्सला. काही गिअरबॉक्समध्ये ऑइलचा पंप इंजिनवरच चालतो. म्हणजे इंजिन बंद, की बेअरिंगला ऑइल नाही. ती तापतात, झिजतात. मग बंदराच्या तोंडाशी वारा पडला आणि इंजिन लागलं, तर गिअरबॉक्स दगा देऊ शकतो.

उपाय? मेकॅनिकल गिअरबॉक्स असेल तर बऱ्याचदा रिव्हर्स टाकून शाफ्ट अडवतात. हायड्रॉलिकमध्ये हे जमत नाही, कारण क्लच दाबणारा ऑइलचा दाबच नसतो. तिथे शाफ्टला वेगळा ब्रेक लावतात. काही गिअरबॉक्स मात्र न्यूट्रललाच ठेवायचे असतात. त्यामुळे जुगाड नको, आधी मॅन्युअल वाचा. आणि हो, स्टार्टर मारण्याआधी लिव्हर न्यूट्रलला आहे ना, तेवढं बघा!