पडद्यावरचा पिणारा, वॉर्डातला पिणारा

‘आणि... डॉ. काशिनाथ घाणेकर’ (2018) पाहताना प्रेक्षक चिडतो, तरी सुबोध भावेंच्या घाणेकरांवरची त्याची माया आटत नाही. दारू, बेफिकिरी सगळं दिसतं. पण त्याआधीचा हरहुन्नरी दंतवैद्य-नटही दिसलेला असतो. आमच्या वॉर्डात आलेल्या माणसाची आधीची गोष्ट कुणाला ठाऊक नसते. ‘बेवडा’ एवढीच त्याची ओळख. गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी, म्हणून लाजेत भीतीची भर. मग घरचे नुसता ‘ताप’ सांगतात. रोज पिणाऱ्याची दारू अचानक तुटली, की काही तासांत हात थरथरतात. पुढच्या दोन-तीन दिवसांत झटके, भ्रम. जीवही जाऊ शकतो. भरती करताना शेवटची दारू कधी घेतली, तेवढं सांगा. औषध त्यावर ठरतं.