सुईचे काम संपल्यावर

इंजेक्शन टोचून झाले की रुग्ण निश्चिंत होतो. परंतु ते देणाऱ्या परिचारिकेची कसोटी त्याच क्षणी सुरू होते. सुईवर टोपण पुन्हा बसविताना हात चुकला, की वापरलेले टोक तिच्याच बोटात शिरते. रक्त संसर्गित असेल, तर अशा एका टोचणीने, लस न घेतलेल्या व्यक्तीस हिपॅटायटिस बी होण्याचा संभव शंभरात 30 पर्यंत असतो. एचआयव्हीचा हजारात सुमारे 3.

यावरील उपाय सुईच्या रचनेतच योजता येतो. काही सिरिंजमध्ये दट्ट्या शेवटपर्यंत दाबताच सुई नळीत ओढली जाते. काहींत आवरण पुढे सरकून टोक झाकते. अमेरिकेने 2000 साली अशा साधनांसाठी कायदा केला, आणि जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये त्यांचा पुरस्कार केला.

तथापि, साधनाला सवयीची जोड हवी. वापरलेल्या सुईवर टोपण न चढविता ती तत्काळ जाड, झाकणबंद डब्यात टाकावी. वाचकहो, आपल्या घरातील इन्सुलिनच्या सुयांनाही हाच नियम लावा. अन्यथा त्या सफाई कामगाराच्या हातात रुततात.

घरात कोणी परिचारिका असेल, तर तिने हिपॅटायटिस बी लसीच्या सर्व मात्रा घेतल्या आहेत ना, हे आवर्जून विचारा. सुई टोचलीच, तर जखम साबण-पाण्याने धुवावी, पिळू नये. आणि भीतीपोटी ती गोष्ट लपवू नये. एचआयव्ही-प्रतिबंधक औषध शक्य तितक्या लवकर, उशिरात उशिरा 72 तासांच्या आत, सुरू करावे लागते. येथे मौन हे जखमेहूनही घातक ठरते.