भूमितींतील जोडीदार

सिद्धांत मुखोद्गत झाला म्हणजे भूमिति समजली, असें पुष्कळ विद्यार्थ्यांस वाटतें. पुस्तक हातीं धरून पाठ म्हणवून घेणाऱ्या पालकांसही तसेंच वाटतें. तें खरें कीं नाहीं, हें पाहण्याचा एक सोपा उपाय आहे. दोन मुलांस पाठीस पाठ लावून बसवावें. एकाच्या हातीं आकृति द्यावी. दुसऱ्याच्या हातीं कोरा कागद, पट्टी, कर्कटक व कोनमापक. पहिल्यानें आकृति केवळ शब्दांनीं सांगावी, दुसऱ्यानें ऐकलें तेवढेंच काढावें.

समजा, पहिला म्हणतो, "कखग त्रिकोण काढ. कख ६ सेंटिमीटर, खग ४ सेंटिमीटर, आणि क कोन ३० अंशांचा." माहिती भरपूर दिसते. तरी कागद शेजारीं ठेवतांच एकाचा त्रिकोण लांबट व दुसऱ्याचा आखूड निघण्याचा संभव आहे! मोजून पाहावें, तों मापें दोघांचींही बरोबर. कारण असें कीं, ख हा मध्य धरून ४ सेंटिमीटर त्रिज्येचें वर्तुळ काढिलें असतां तें क मधून निघणाऱ्या दुसऱ्या रेषेस दोन ठिकाणीं छेदतें. एकानें अलीकडचा बिंदु घेतला, दुसऱ्यानें पलीकडचा. कोन त्या दोन बाजूंच्या मधला दिला असता, तर हा घोटाळा होताच ना. त्रिकोणांच्या एकरूपतेंत "अंतर्भूत कोन" असें कां म्हणतात, तें या भांडणांतून जसें कळतें, तसें दहा वेळां घोकून कळत नाहीं. एकट्यानें काढणाऱ्यास एकच त्रिकोण सांपडतो, आणि तेवढ्यावर तो संतुष्ट होतो.

मुलानें मुलास शिकविणें आपल्या देशास नवें नाहीं. मद्रासेंतील अनाथ मुलांच्या आश्रमाचे प्रमुख अँड्र्यू बेल यांनीं एका देशी शाळेंत मुलें वाळूंत अक्षरें गिरवितांना पाहिलीं. पुढें आपल्या शाळेंत मुलांकडूनच मुलांस शिकविलें, व १७९७ सालीं त्याचा वृत्तांत लंडनांत छापला. विलायतेंत ती "मद्रास पद्धति" याच नांवानें पसरली. मात्र तींत शिकविणारा व शिकणारा असा भेद असे. भूमितीच्या जोडींत तो नको. प्रत्येक आकृतीनंतर कामाची अदलाबदल करावी.

हुशार मुलाचा वेळ फुकट जातो, ही पालकांची शंका आम्हांस पटत नाहीं. सांगणाऱ्याचेंच काम अधिक कठीण. "ती तिकडची रेघ" हे शब्द पाठमोऱ्या जोडीदारास निरुपयोगी. त्यास नांव व माप द्यावें लागतें.

भात कापून झाल्यावर तुडीलच्या मुलांनीं चार सरळ बांधांचें एखादें खाचर याच रीतीनें काढून पाहावें. दोरीचें दुसरें टोंक धरावयास जोडीदार लागतोच. चारही बांध मोजावे व दोघांनीं निरनिराळ्या कागदांवर आकृति काढावी. त्या जुळतीलच असें नाहीं. मग एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचें अंतर मोजावें, आणि पुनः काढावी.