पेशींचे धरणे आणि सोडणे

वरूडच्या बागाईतदाराला जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधण्याचे मर्म ठाऊक असते. डोळा आणि खुंट यांचा जीव एक झाला, तरच कलम जगते. आपले शरीरही जोडणीवरच उभे आहे. पेशी एकमेकींस धरून राहतात, म्हणून कातडे अखंड राहते आणि जठराचे अस्तर टिकते. ही पकड कशाची, आणि ती सुटली म्हणजे काय होते, एवढेच आम्हांला येथे सांगावयाचे आहे.

पेशीच्या पृष्ठभागावर काही प्रथिने असतात. कॅल्शियमच्या साहाय्याने ती शेजारच्या पेशीवरील तशाच प्रथिनांना बिलगतात. क्योतोचे शास्त्रज्ञ मासातोशी ताकेइची यांनी त्यांस 'कॅडहेरिन' हे नाव दिले. त्यांपैकी ई-कॅडहेरिनची कृती आपल्या १६ व्या गुणसूत्रावरील सीडीएच-१ या जनुकात असते.

उंदराच्या गर्भात ८ पेशी झाल्या, की हे प्रथिन त्यांना घट्ट आवळते. हे जनुक काढून टाकलेले गर्भ गर्भाशयात रुजण्याच्या सुमारासच मरतात. परंतु नुसते धरून भागत नाही. गर्भाचे थर पडताना काही पेशी हे प्रथिन कमी करून शेजार सोडतात, आत सरकतात आणि नव्या जागी घर करतात. तेव्हा सोडणे मुळात वाईट नव्हे. ते वेळेवर आणि हुकमात असावे लागते.

कर्करोगात हा हुकूमच मोडतो. न्यूझीलंडमधील एका माओरी कुळात पिढ्यान्‌पिढ्या माणसे जठराच्या कर्करोगाने दगावत होती. त्याचे मूळ याच जनुकाच्या वारशाने आलेल्या दोषात असल्याचे १९९८ साली उघड झाले. एक प्रत जन्मतःच सदोष. पुढे दुसरीही निकामी झाली, की पेशी सुटतात आणि एकेकट्या जठराच्या भिंतीत शिरतात. ठळक गाठ होत नाही, म्हणून रोग लवकर दिसतही नाही.

आपल्याकडे खारघरच्या 'ॲक्ट्रेक' या टाटा स्मारक केंद्राच्या संस्थेतील संशोधकांनी २००८ साली प्लॅकोफिलिन-३ हे जोडणीतलेच दुसरे प्रथिन कर्कपेशींत कमी करून पाहिले. पकड सैल झाली आणि उंदरांत रोग पसरू लागला.

कर्करोगाचे बहुतेक बळी मूळ गाठीने नव्हे, तर अशा पसरण्याने जातात. खर्रा आणि तंबाखू यांचा शौक असलेल्या आपल्या वऱ्हाडात तोंडातील पांढरा चट्टा किंवा ३ आठवड्यांत न भरणारा व्रण डॉक्टरांना दाखवावा, तो यासाठीच. पेशींनी शेजार सोडण्यापूर्वी गाठलेला रोग बरा होण्याची आशा कितीतरी अधिक असते.